वरणात डाळ किती? घरच्या जेवणातल्या प्रथिनांचा हिशेब

रोज वरण-भात होतो, एवढ्यावरून घरातल्या सगळ्यांना प्रथिनं पुरतात असं म्हणता येत नाही. चार माणसांच्या वरणाला ६० ग्रॅम तूरडाळ लावली, तर प्रत्येकाच्या वाट्याला १५ ग्रॅम डाळ येते आणि तिच्यातून जेमतेम सव्वातीन ग्रॅम प्रथिनं मिळतात. बाकी वाटीभर पाणी. म्हणून वाट्या मोजू नका, शिजवण्याआधीची कोरडी डाळ मोजा. स्वयंपाकघरात एक साधा वजनकाटा असला की बाकी सगळं तोंडी हिशेबात बसतं.

आधी गरज काढा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम आणि ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. वजन फार जास्त असेल तर आजचं वजन न धरता उंचीला योग्य असलेलं धरा. साठी ओलांडलेल्यांसाठी बरेच तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात, कारण त्या वयात स्नायू झपाट्याने झिजतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत रोज सुमारे २२ ग्रॅम वाढीव लागतात.

ही रोजची गरज का, तर शरीराकडे प्रथिनांचं कोठार नाही. चरबी साठते, थोडी साखर यकृतात साठते, प्रथिनं मात्र कामावरच असतात: रक्तातलं हिमोग्लोबिन, स्नायू, त्वचा आणि हाडांतलं कोलॅजन, इन्सुलिन, रोगाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांपासून अन्न पचवणाऱ्या पाचकरसांपर्यंत. ती सतत मोडतात आणि नव्याने बांधली जातात. खाल्लेल्या प्रथिनांचे जठरात आणि लहान आतड्यात तुकडे होऊन अमिनो आम्लं सुटतात, आणि त्यांतून शरीर आपल्याला हवी ती प्रथिनं जुळवतं. वीस अमिनो आम्लांपैकी नऊ शरीराला बनवता येत नाहीत. ती ताटातूनच यावी लागतात.

आता ५५ किलोच्या बाईचा एक नेहमीचा शाकाहारी दिवस मांडू. सकाळी ५० ग्रॅम पोहे आणि थोडे दाणे: ६ ग्रॅम. दिवसभराच्या चहातलं दूध: ३. दुपारी तीन पोळ्या (९० ग्रॅम कणीक) साडेनऊ, ४० ग्रॅम तांदळाचा भात ३, वीस ग्रॅम डाळीचं वरण साडेचार, भाजी २. रात्री दोन पोळ्या ६, भात ३, उरलेलं वरण ३, भाजी २. बेरीज ४२. तूट चारच ग्रॅमची, म्हणून फारसं बिघडलेलं वाटत नाही. पण यातले जवळजवळ ६० टक्के पोहे, पोळी आणि भातातून आले आहेत. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं, उलट त्यांत मेथिओनिन कमी, आणि ते धान्य भरून काढतं. वरण-भात, पिठलं-भाकरी, मिसळ-पाव या जोड्या म्हणूनच पक्क्या आहेत, फक्त त्यांतली डाळीची बाजू बारीक झाली आहे. दोन्ही एकाच घासात यायला हवीत असंही नाही, दिवसभरात आली तरी चालतं.

दुरुस्ती सोपी आहे. माणशी कोरडी डाळ किंवा कडधान्य दर जेवणाला ३० ग्रॅम धरा, म्हणजे चौघांच्या वरणाला १२० ग्रॅम. दुपारी एक वाटी, म्हणजे १५० ग्रॅम दही (साडेचार ग्रॅम) आणि संध्याकाळी खारी-बिस्किटाऐवजी ३० ग्रॅम फुटाणे (६ ग्रॅम). रात्रीची एक पोळी कमी केली तरी बेरीज ५५ च्या आसपास जाते, आणि त्यातला मोठा वाटा चांगल्या प्रतीचा असतो. तीस ग्रॅम बेसनाचं घट्ट पिठलं किंवा झुणका सहा-साडेसहा ग्रॅम देतो. ताकावर मात्र भिस्त ठेवू नका: ५० ग्रॅम दह्याच्या पेलाभर ताकात दीड ग्रॅम.

कडधान्य भिजवताना आणि शिजवताना होणारे घोटाळे थोडे सविस्तर पाहू, कारण पोट बिघडलं म्हणून उसळ बंद करणारी घरं बरीच आहेत. मटकी आठ-दहा तास भिजवा, पाणी फेकून द्या, चांगली निथळा आणि सुती फडक्यात सैल बांधून उबेला ठेवा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत दीड दिवसही लागतो. चिकट तार आणि आंबूस वास आला तर पाणी नीट निथळलं नव्हतं किंवा गाठोडं फार घट्ट होतं. ती मटकी टाकून द्या, धुऊन वापरू नका. मोड आल्याने प्रथिनं वाढतात हा गैरसमज आहे. दाणा पाणी पितो, त्यामुळे शंभर ग्रॅममागचं प्रमाण उलट घटतं. क जीवनसत्त्व वाढतं, लोह शोषायला अडथळा करणारं फायटेट कमी होतं आणि पचन सोपं होतं, हा खरा फायदा. गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना कच्चे मोड देऊ नयेत, दमट उबेत जंतूही तितकेच वाढतात. वाफवून द्या.

राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळूनच शिजवावा. अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या विषारी द्रव्याने काही तासांत उलट्या सुरू होतात. मंद आचेवर तासन्तास ठेवून ते जात नाही. सोयाबीनही कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नये, त्यातले घटक प्रथिनं पचवणाऱ्या रसांनाच अडवतात आणि नीट शिजवल्यावर ते निकामी होतात.

डाळ शिजत नसेल तर दोन कारणं आधी तपासा: डाळ फार जुनी आहे का, आणि चिंच, आमसूल किंवा टोमॅटो सुरुवातीलाच घातला का. आंबटात डाळ दाठरते, म्हणून ती मऊ झाल्यावरच आंबट घाला. चिमूटभर सोड्याने डाळ लवकर गळते, पण ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. प्रमाण एकदम दुप्पट केलं की गॅस होणारच. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, मूगडाळीपासून सुरुवात करा, हिंग-आलं घाला आणि पाणी जास्त प्या.

पनीर घरी करत असाल तर निवळी ओतून देऊ नका, तिच्यातही थोडी प्रथिनं असतात. कणीक तिच्यात मळा. सोयावडी स्वस्तात सर्वांत जास्त देते: कोरड्या २५ ग्रॅममध्ये साधारण १३ ग्रॅम. मीठ घातलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोनदा पिळली की उग्र वास जातो. मांसाहारात एका अंड्यात ६ ग्रॅम. मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा कितीही ओरपला तरी प्रथिनं फोडींतच राहतात. सुक्या बोंबलात वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात, पण मिठामुळे रक्तदाबवाल्यांनी बेतानेच घ्यावेत.

उपवासाच्या दिवशी हिशेब सपशेल कोसळतो. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत, खिचडीत जी आहेत ती दाण्याच्या कुटाची. त्या दिवशी भगरीबरोबर दाण्याची आमटी (माणशी ३० ग्रॅम दाणे, सात ग्रॅम), राजगिरा आणि दूध-दही ठेवा.

डब्यातल्या पावडरी घेण्याआधी मागची चौकट वाचा. शंभर ग्रॅममागे प्रथिनं आणि साखर किती, हे शेजारी ठेवून पाहा. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेयांत साखर प्रथिनांच्या कितीतरी पट असते. प्रथिनं वाढवून जेवणच कमी केलं तर शरीर त्यांचं इंधन करून टाकतं, आणि व्यायामाशिवाय नुसत्या पावडरीने स्नायू वाढत नाहीत.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी यातलं काहीही स्वतःहून वाढवू नये. जास्तीच्या प्रथिनांतला नायट्रोजन युरिया होऊन मूत्रपिंडातूनच बाहेर पडतो, आणि त्यांच्यासाठी प्रमाण बऱ्याचदा कमी ठेवावं लागतं. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र गरज वाढते. त्यामुळे आधीचा तक्ता तसाच चालू न ठेवता आहारतज्ज्ञाकडून नवा करून घ्यावा.