आठ जीबीच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन : हलकी ऑपरेटिंग सिस्टीम कशी निवडावी

व्हर्च्युअल मशीनसाठी, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकासाठी, हलकी ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, असे विचारले की पाच-सहा नावे लगेच पुढे येतात. त्या मशीनमध्ये चालवायचे काय आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. निवडीची सुरुवात खरे तर तिथूनच व्हायला हवी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बीसीए करणाऱ्या विद्यार्थिनीला लिनक्सच्या आज्ञांचा सराव करायचा असतो, लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या दुकानाचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला ते सर्व्हरवर चढवण्याआधी घरी तपासून पाहायचे असते, आणि उद्यमनगरातल्या कारखानदाराला जुन्या विंडोजवरच चालणारे एखादे सॉफ्टवेअर आणखी काही वर्षे टिकवायचे असते. या तिघांच्याही लॅपटॉपमध्ये बहुधा आठ जीबी रॅम आणि विंडोज ११ असते, तिघांनाही हलकीच सिस्टीम हवी असते, आणि तरीही तिघांना एकच सिस्टीम सुचवणे चुकीचे ठरेल.

रॅमचा हिशेब आधी मांडावा. विंडोज ११ सुरू करून ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की आठपैकी चार-पाच जीबी सहज खर्ची पडतात. व्हर्च्युअल मशीनला दिलेली रॅम ते चालू असेपर्यंत होस्टच्या, म्हणजे मूळ लॅपटॉपच्या, हातून गेलीच असे धरून चालावे. त्यामुळे गेस्टसाठी, म्हणजे आतल्या सिस्टीमसाठी, दोन जीबीपेक्षा जास्त काढण्याचा मोह टाळलेला बरा. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी किमान चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप अशी अट घातलेली असल्याने विंडोजच्या आत दुसरे विंडोज ११ हा पर्याय या लॅपटॉपपुरता इथेच संपतो. त्यावर उपाय म्हणून पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या "लाइट" विंडोजच्या प्रती कोणी देऊ केल्या तर त्या घेऊ नयेत, कारण त्यातून काय काढले आहे आणि काय घातले आहे हे तपासण्याचा मार्ग सामान्य वापरकर्त्याकडे नसतो.

मशीन उभारण्याआधी

ज्यांना विंडोजवर फक्त लिनक्सची काळी खिडकी हवी आहे, बॅशच्या आज्ञा, पायथन, सी आणि गिट एवढ्यावर ज्यांचे काम भागते, त्यांना व्हर्च्युअलबॉक्सची, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, गरजच नाही. विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल २ ही सोय त्यांना पुरते. डिस्कचे विभाजन, नेटवर्कची मांडणी, बूट होण्याची प्रक्रिया किंवा दोन मशीन एकमेकांशी जोडणे असा अभ्यास असेल, तर मात्र स्वतंत्र व्हर्च्युअल मशीनला पर्याय नाही.

मशीन उभारून झाल्यावर ते रखडत चालले, तर सिस्टीम बदलण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ मांडणीत, प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीनसाठीची सोय (इंटेलचे व्हीटी-एक्स किंवा एएमडीचे एएमडी-व्ही) चालू आहे का. ते बंद असेल तर चौसष्ट-बिट गेस्ट उभाच राहत नाही. दुसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत उजवीकडे खाली, चिन्हांच्या ओळीत, हिरवे कासव दिसत असेल, तर व्हर्च्युअल मशीन चालवणारे विंडोजचे स्वतःचे हायपर-व्ही पार्श्वभूमीला चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरचा थेट ताबा मिळालेला नाही, असा त्याचा अर्थ होतो. विंडोजमधील "मेमरी इंटिग्रिटी" ही सुरक्षा सोय किंवा वर सांगितलेले डब्ल्यूएसएल २ हे त्यामागचे नेहमीचे कारण. अशा स्थितीत कितीही हलकी सिस्टीम घातली तरी ती अडखळतच चालेल, आणि लोक मात्र दोष लिनक्सला देत एकामागून एक आयएसओ, म्हणजे सिस्टीम बसवण्याच्या फायली, उतरवत बसतात. मेमरी इंटिग्रिटी बंद केल्याने लॅपटॉपचे एक संरक्षण कमी होते, हे लक्षात घेऊनच तो निर्णय घ्यावा.

भार कशाचा असतो

हलकेपणाचे तीन वेगवेगळे हिशेब आहेत : आयएसओ किती मोठी, डिस्कवर जागा किती व्यापते, आणि सुरू होऊन नुसती बसलेली असताना रॅम किती खाते. आजऱ्याला किंवा गारगोटीला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यासाठी पहिला हिशेब महत्त्वाचा आहे, हे खरे. पण तो खर्च एकदाच होतो. रोजच्या वापरात जाणवतो तो तिसरा हिशेब, आणि तो वितरणाच्या, म्हणजे लिनक्सच्या तयार प्रकाराच्या, नावापेक्षा डेस्कटॉपवर, म्हणजे खिडक्या आणि मेनू दाखवणाऱ्या भागावर, अवलंबून असतो. डेबियन हे लिनक्स डेस्कटॉपशिवाय बसवले तर सुरू झाल्यावर दोनशे एमबीच्या आसपास रॅम घेते. त्याच डेबियनवर नोम डेस्कटॉप चढवला की आकडा एक जीबीच्या दिशेने सरकू लागतो.

व्हर्च्युअल मशीनमध्ये डेस्कटॉप आणखी एका कारणाने जड होतो. खिडक्यांच्या सावल्या, सरकत्या हालचाली आणि पारदर्शकता ही कामे एरवी ग्राफिक्स चिप करते. गेस्टला ती चिप थेट मिळत नाही, आणि थ्रीडी प्रवेग बंद असेल तर लिनक्स ही सगळी चित्रे प्रोसेसरकडून काढून घेते. म्हणूनच लॅपटॉपवर थेट बसवलेले नोम सुरळीत चालते आणि व्हर्च्युअल मशीनमधले तेच नोम माउस हलवला तरी धापा टाकते. यावर उतारा म्हणजे असा डेस्कटॉप निवडणे, ज्याला या सजावटीवाचून काही अडत नाही. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप वापरत असाल तर विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटरच्या टॅबवर जाऊन तेथील खूण काढून टाकावी. दिसण्यात फारसा फरक पडत नाही, चालण्यात पडतो.

बहुतेकांसाठी डेबियन

माझा कल स्पष्ट आहे : जोपर्यंत वेगळे ठोस कारण नाही, तोपर्यंत डेस्कटॉपशिवाय बसवलेले डेबियन निवडावे. आकाराच्या यादीत ते सर्वांत लहान नाही, पण त्यावर अडचण आली तर उत्तर सापडते, अभ्यासक्रमातली बहुतेक साधने त्यावर सरळ बसतात, आणि एका आवृत्तीला दीर्घ मुदतीचा आधार धरून साधारण पाच वर्षे सुरक्षा सुधारणा मिळतात. "ट्रिक्सी" ही तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये रॅम वाचवण्यासाठी बत्तीस-बिट आवृत्ती घेण्याचा सल्ला आढळतो, परंतु डेबियन १३ मध्ये बत्तीस-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच दिलेला नाही. तो सल्ला आता सोडून द्यावा.

डेबियनची नेटइन्स्ट ही लहान आयएसओ घ्यावी आणि बाकीचे सामान ती बसवताना नेटवरून ओढते हे ध्यानात ठेवावे. मशीन तयार करताना एक जीबी रॅम, एक किंवा दोन प्रोसेसर आणि दहा जीबीची वाढती डिस्क द्यावी. वाढती डिस्क प्रत्यक्षात वापरली तेवढीच जागा घेते. बसवण्याच्या वेळी इन्स्टॉलरला जास्त रॅम लागते, एरवी नाही, म्हणून काम झाल्यावर ती ५१२ एमबीवर आणता येते. रूटचा, म्हणजे प्रशासकाचा, पासवर्ड विचारला की तो रिकामा सोडावा, म्हणजे पहिल्या वापरकर्त्याला सुडो या आज्ञेने प्रशासकाची कामे करण्याचे अधिकार आपोआप मिळतात. शेवटाकडे सॉफ्टवेअर निवडीचा पडदा येतो, आणि सगळा हलकेपणा या एका पडद्यावर ठरतो : तेथे डेबियन डेस्कटॉप आणि नोम यांच्यापुढे खूण आधीच केलेली असते. बाणाच्या कळीने त्या ओळींवर जाऊन स्पेसबारने दोन्ही खुणा काढाव्यात, दुसऱ्या संगणकाच्या टर्मिनलमधून आत शिरू देणाऱ्या एसएसएच सर्व्हरपुढे खूण करावी, आणि स्टँडर्ड सिस्टीम युटिलिटीज तशाच राहू द्याव्यात. घाईत एंटर दाबला गेला, तर शेकडो पॅकेजे उतरू लागतात आणि हॉटस्पॉटचा दिवसभराचा डेटा तिथेच संपतो.

पुढे त्या मशीनच्या खिडकीत टाइप करत बसण्याचे कारण नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क मांडणीत नॅट तसेच ठेवून पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये होस्टचे २२२२ हे पोर्ट गेस्टच्या २२ या पोर्टाशी जोडावे, मशीन हेडलेस पद्धतीने, म्हणजे खिडकी न उघडता, सुरू करावे आणि विंडोजच्या टर्मिनलमधून एसएसएचने आत शिरावे. कॉपी-पेस्ट लगेच चालू होते, गेस्ट अॅडिशन्स ही गेस्टला होस्टशी जोडणारी पूरक साधने बसवण्याची खटपट वाचते, आणि पडद्यावर एक खिडकी कमी होते. व्हर्च्युअलबॉक्ससाठी लागणाऱ्या गेस्ट अॅडिशन्स डेबियनच्या स्थिर भांडारात तयार मिळत नाहीत, हे पाहता ही सोय लहान नाही.

अल्पाइन कधी घ्यावे

एखादी सेवाच चालवायची असेल, म्हणजे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस, एखादा लहान डीएनएस सर्व्हर किंवा एकाच वेळी तीन-चार मशीन उभारून त्यांचे जाळे तपासायचे असेल, तर अल्पाइन लिनक्ससारखे दुसरे नाही. तिची "व्हर्च्युअल" नावाची खास आयएसओ आहे. त्यात प्रत्यक्ष हार्डवेअरसाठी लागणारे ड्रायव्हर गाळलेले असल्याने ती शंभर एमबीच्याही आत बसते, आणि सुरू झाल्यावर रॅमही शंभर एमबीच्या आत घेते. दर वर्षी मे आणि नोव्हेंबरच्या सुमारास नवी आवृत्ती येते आणि मुख्य भांडाराला दोन वर्षे आधार असतो.

ती बसवण्याची रीत वेगळी आहे. रूट या नावाने, पासवर्ड न देता, आत जावे आणि सेटअप-अल्पाइन (setup-alpine) ही आज्ञा चालवावी. ती कीबोर्ड, मशीनचे नाव, नेटवर्क, वेळक्षेत्र असे एकेक विचारत जाते. वेळक्षेत्राला एशिया/कोलकाता द्यावे. डिस्क कशी वापरायची, या प्रश्नाला "सिस" (sys) असे उत्तर द्यावे, अन्यथा सगळे केवळ रॅममध्ये राहते आणि मशीन बंद करताच केलेले काम जाते. त्यानंतर आभासी सीडी ड्राइव्हमधून आयएसओ काढून मगच पुन्हा सुरू करावे.

अल्पाइनची मर्यादा तिच्या मुळातच आहे. बहुतेक लिनक्स ज्या जीलिबसी या मूलभूत कोडच्या संग्रहावर उभे असतात, त्याऐवजी अल्पाइन मसल वापरते, आणि रोजच्या आज्ञा बिझीबॉक्सच्या आटोपशीर रूपात देते. त्यामुळे इतर लिनक्ससाठी तयार करून ठेवलेले सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाही, पायथनची काही पॅकेजे जागेवर घडवावी लागतात, आणि पुस्तकात दिलेला एखाद्या आज्ञेचा पर्याय इथे नसतो. लिनक्स नव्याने शिकणाऱ्याला हे गोंधळात टाकते. परीक्षेत सिस्टीमडीच्या, म्हणजे सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेच्या, आज्ञा विचारल्या जाणार असतील, तर ज्यात सिस्टीमडीच नाही अशा अल्पाइनवर सराव करण्यात अर्थ नाही.

टायनी कोअर याहूनही लहान आहे, तिची मूळ आयएसओ वीस एमबीच्या आसपास येते, पण ती रॅममध्ये चालते आणि कोणत्या फायली जपायच्या हे तिला वेगळे सांगावे लागते. प्रयोग म्हणून जरूर पाहावी. रोजच्या कामाला घेऊ नये.

डेस्कटॉप हवाच असेल तर

दोन जीबी रॅम देता येत असेल तर डेबियनवर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी घ्यावे, किंवा सगळे तयार हवे असल्यास लुबुंटू. मात्र लुबुंटूची आयएसओ आता तीन जीबीच्या घरात गेली आहे आणि तिच्या एलटीएस, म्हणजे दीर्घ आधाराच्या, आवृत्तीला आधार तीनच वर्षे असतो. दीड जीबी रॅमच्या आत भागवायचे असल्यास आइसडब्ल्यूएम या हलक्या विंडो मॅनेजरवर चालणारे अँटिएक्स पाहावे. ब्राउझर गेस्टमध्ये उघडायचाच नाही, हा नियम मात्र या सर्वांना लागू आहे, कारण व्हिडिओचे एक पान उघडले की डेस्कटॉप निवडताना वाचवलेली सगळी रॅम ते खाऊन टाकते. संकेतस्थळ तपासायचे असेल तर सर्व्हर आत आणि ब्राउझर बाहेर, विंडोजवर, असे ठेवावे.

हात राखून बसवलेल्या डेस्कटॉपवर मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसू शकतात. सिस्टीम बिघडलेली नसते, देवनागरी फॉन्ट आलेला नसतो; लोहित किंवा नोटो यांपैकी एक बसवला की काम होते. टंकलेखनासाठी आयबस आणि त्यावर इनस्क्रिप्टची मांडणी घ्यावी.

उद्यमनगरातल्या कारखानदाराला यातले काहीच उपयोगाचे नाही. त्याला जुने विंडोजच लागणार, आणि लग्नपत्रिकांच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फायली उघडणाऱ्या छापखान्यालाही. विंडोज एक्सपी ५१२ एमबीत सुखाने चालते, पण तिचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला आहे. म्हणून त्या मशीनचे नेटवर्क कार्ड मांडणीतच काढून टाकावे, फायलींची ने-आण शेअर्ड फोल्डरमधून करावी, आणि मूळ परवाना स्वतःकडे आहे याची खात्री करावी. सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे परवाना तपासणारे यूएसबी उपकरण, लागत असेल तर यूएसबी फिल्टरमध्ये ते आधी चालते का ते पाहावे, मगच जुना संगणक भंगारात द्यावा. व्हर्च्युअलबॉक्स स्वतः मोफत असले, तरी त्याचा एक्स्टेन्शन पॅक व्यवसायासाठी मोफत नाही. गरज नसेल तर तो बसवूच नये.

निवड बरोबर झाली का, हे मोजून पाहता येते. मशीनमध्ये आपले नेहमीचे काम चालू ठेवून "फ्री" ही आज्ञा द्यावी आणि "फ्री" नावाच्या रकान्याकडे दुर्लक्ष करून "अव्हेलेबल"चा रकाना वाचावा, कारण लिनक्स मोकळी रॅम कॅशसाठी वापरत असल्याने "फ्री"चा आकडा नेहमीच लहान दिसतो. मशीनला दिलेल्या रॅमपैकी निम्म्याहून जास्त अव्हेलेबलमध्ये उरत असेल, तर मशीन बंद करून ती कमी करावी. स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा, सतत वापरली जात असेल, तर रॅम थोडी वाढवावी. कमी रॅमचा आणखी एक फायदा पावसाळ्यात वीज ये-जा करू लागली की कळतो : मशीन आहे त्या स्थितीत साठवताना तिची वापरातली रॅम डिस्कवर लिहिली जाते, आणि ५१२ एमबीचे मशीन यूपीएस दम टाकण्याआधी आरामात साठवून होते.