काळ्या रानात मेटल डिटेक्टर: कॉइल कोणती घ्यावी, चिखल कसा काढावा

थिनिंगच्या, म्हणजे द्राक्षाचे मणी विरळ करण्याच्या दिवसांत बागेत कामाला आलेल्या एका मावशींची सोन्याची कुडी पडली. "भाऊ, तुमचं ते मशीन आणता का?" मी ऐटीत डिटेक्टर घेऊन गेलो. अकरा इंची कॉइल (दांडीच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची थाळी), नवी कोरी. द्राक्षाच्या ओळीत शिरलो आणि मशीन जे केकाटायला लागलं ते थांबेचना. दोन्हीकडे लोखंडी अँगल, वर तारा आणि मातीत वर्षानुवर्षं तुटून पडलेले तारेचे तुकडे. तासाभराने ओशाळून बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी मित्राची सहा इंची कॉइल लावली आणि कुडी मिळाली. ठिबकच्या नळीखाली होती, जेमतेम बोटभर मातीत.

म्हणून पहिलं सांगणं हेच, की मोठी कॉइल म्हणजे चांगली कॉइल असं धरून दुकानात जाऊ नका.

आधी माती बघा

एक लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि कोरड्या मातीतून दोन-तीन वेळा ओढा. नाशिककडच्या बऱ्याच रानांत पिशवीवर मिशा फुटल्यासारखी काळी भुकटी उभी राहते. आपली काळी जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची झीज होऊन बनली आहे. त्यातले लोहकण डिटेक्टरला सतत काहीतरी सांगत राहतात. अशा मातीत कॉइलचा आकार नंतर, जात आधी ठरवायची.

साध्या डिटेक्टरसोबत बहुधा कॉन्सेंट्रिक, म्हणजे एकात एक गोल वेटोळी असलेली कॉइल येते. तिचं क्षेत्र जमिनीत उलट्या शंकूसारखं उतरतं. वस्तू नेमकी मध्याखाली आली की आवाज स्पष्ट, त्यामुळे जागा धरायला सोपी. पण लोहकणांच्या मातीत ती गोंधळते. डबल-डी कॉइलमध्ये इंग्रजी डी अक्षरासारखी दोन वेटोळी थोडी एकमेकांवर चढवलेली असतात. त्यांचं क्षेत्र मध्यावर पुढून मागे अशा पातळ पात्यासारखं असतं. एका वेळी ती कमी माती 'बघते', म्हणून मातीचा त्रासही कमी. चुंबकाला मिशा फुटल्या असतील तर डबल-डीच घ्या. पल्स इंडक्शन या वेगळ्या जातीच्या मशीनची मोनो, म्हणजे एकाच वेटोळ्याची कॉइल असल्या मातीला दाद देत नाही, पण तिला लोखंड नीट वगळता येत नाही. तारांच्या बागेत ती नेलीत तर दिवसभर खिळेच उकरत बसाल.

मग आकार

नाण्याएवढ्या वस्तूला कॉइलच्या व्यासाइतकी खोली मिळते, असा ढोबळ हिशेब धरतात. आपल्या मातीत त्याहून कमीच धरा. मोकळ्या रानात नांगराचा तुटलेला फाळ शोधायचा असेल तर अकरा इंची ठीक. बाग, गोठा, पाडलेल्या घराची जागा, जिथे लोखंडाचा कचरा आहे तिथे पाच-सहा इंची, किंवा लांबट आकाराची. लहान कॉइल खिळा आणि अंगठी वेगवेगळी ऐकवते. मोठीखाली दोन्ही एकदम येतात आणि खिळा अंगठीला गिळतो. लहान कॉइल चालवताना फेरे जवळजवळ घ्यावे लागतात, एवढाच त्रास.

बारीक सोन्याला जास्त फ्रिक्वेन्सी मानवते. सोन्याचा आवाज औषधाच्या पुडीच्या चांदीसारख्या कागदाशी फार जुळतो. त्यामुळे मौल्यवान वस्तू शोधताना 'कचरा असेल' म्हणून सोडायचं नाही, उकरायचं. आणि हो, आपल्या रुपया-दोन रुपयांच्या पोलादी नाण्यांना चुंबक चिकटतं. लोखंड वगळण्याची सेटिंग लावली असेल तर ती नाणी निसटू शकतात.

कॉइल घेताना आपल्या मशीनचं मॉडेल दाखवूनच घ्या. पिन बसली म्हणजे कॉइल चालेलच असं नसतं.

बसवताना

कॉइलचा बोल्ट प्लास्टिकचाच हवा. तो हरवला म्हणून घरातला लोखंडी बोल्ट लावला, तर मशीन स्वतःलाच शोधत बसेल. वायर दांडीला घट्ट गुंडाळा, पण कॉइलजवळ थोडी सैल ठेवा, म्हणजे कॉइल वर-खाली करताना ताण बसणार नाही. वरची वायर लोंबत राहिली तर प्रत्येक झोक्याला खोटा आवाज येतो. विहिरीवरची मोटर चालू असताना मशीन चुरचुरत असेल तर संवेदनशीलता कमी करा, नाहीतर लाइट जायची वाट बघा. ती सोय आपल्याकडे आहेच.

साफसफाई

गेल्या पावसाळ्यानंतर माझं मशीन कुठेही, अगदी हवेत धरलं तरी टुकटुक करायचं. कॉइल गेली असं समजून नवीची किंमतही विचारून आलो. मग सहज कॉइलच्या खालचं प्लास्टिकचं कव्हर उचकटलं. आत वाळलेल्या काळ्या मातीची पोळीच थापलेली होती. चुंबक लावलं तर निम्मी पोळी त्याला चिकटली. धुऊन कव्हर परत बसवलं आणि आवाज बंद.

तेव्हापासून घरी आलो की आधी कव्हर काढतो. कॉइल पाण्यात चालणारी असेल तर बादलीत साध्या पाण्याने धुवायची, नसेल तर ओल्या फडक्याने पुसायची. ट्रॅक्टर धुवायचा प्रेशर पाइप तिच्यावर मारू नका. पेट्रोल आणि थिनरही नको, प्लास्टिक चिरतं. कंट्रोल बॉक्सला फक्त किंचित ओलं फडकं; कॉइल पाण्यात चालते म्हणून बॉक्सही चालतो असं नाही. दांडीच्या सांध्यातली माती जुन्या टूथब्रशने काढा, तेल लावू नका, त्यावर धूळ बसून दांडी आणखी अडकते. कव्हर लावायच्या आधी दोन्ही बाजू सावलीत पूर्ण वाळू द्या. मशीन महिनाभर पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, टोकांवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोर्डो फवारणीचं सामान ठेवता त्या खोलीत मशीन ठेवू नका, बोर्डोतलं मोरचूद धातूला खातं.

कुठे फिरवू नये

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. ही गोष्ट ऐकून अनेकांचे हात शिवशिवतात. पांडवलेणी किंवा कुठल्याही संरक्षित स्मारकाच्या आवारात मशीन नेऊ नका, दुसऱ्याच्या रानात विचारल्याशिवाय शिरू नका. स्वतःच्या शेतात जरी पुरलेलं जुनं काही निघालं, तरी १८७८ च्या कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त किमतीच्या गुप्तधनाची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. सापडलेलं जुनं नाणं घासूनपुसून चकचकीत करू नका. माती लागलेली असेल तशीच कागदात गुंडाळून ठेवा आणि जागेचा फोटो काढा.