तांब्याच्या पाइपला गॅसच्या टॉर्चने डाग देताय? या चुका टाळा

जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर सोलरची गरम पाण्याची लाइन तांब्याची आहे, तिचा एक एल्बो (वळणाचा जोड) मी तीनदा डागला तेव्हा कुठं गळायचा थांबला. पहिल्या दोन्ही वेळा चूक एकच, फ्लेम मी सोल्डरच्या, म्हणजे जोडात वितळवून भरायच्या मऊ धातूच्या, तारेवर धरत होतो. तार वितळते, थेंब जॉइंटवर बसतो, वरून चकाचक दिसतं पण आत काहीच गेलेलं नसतं.

दारात कल्हईवाला यायचा ते आठवा. तो भांडं तापवायचा, नवसागर मारायचा आणि कथील नुसतं टेकवायचा, ते भांड्याच्या तापानंच पसरायचं. इथंही तेच आहे. फ्लेम फिटिंगवर फिरवत राहा आणि तार उलट्या बाजूनं टेकवून बघा, तांबं पुरेसं तापलं असेल तर सोल्डर पाइप आणि फिटिंगमधल्या बारीक फटीत आपोआप ओढलं जातं, अगदी खालून वरसुद्धा. साधारण पाइपच्या व्यासाइतकी तार पुरते, जास्त घातली की आत गोळा होतो.

दुसरी चूक म्हणजे पाइपात राहिलेलं पाणी, आणि गच्चीवर हीच सगळ्यात जास्त नडते. पाणी 100 डिग्रीला उकळतं आणि बिनशिशाच्या सोल्डरला 220 च्या वर ताप लागतो, म्हणजे आत थोडं जरी पाणी असेल तर सगळा ताप वाफेतच जातो, तुम्ही कितीही वेळ टॉर्च धरा. वॉल्व बंद करूनही टाकीचं पाणी झिरपत असेल तर ब्रेडचा मऊ गर आत कोंबा, काम झाल्यावर नळाची जाळी काढून पाणी सोडलं की तो विरघळून जातो. डागताना एक नळ उघडाच ठेवा, वाफेला वाट पाहिजे.

एमरी पेपरनं पाइप बाहेरून आणि फिटिंग आतून लख्ख घासा, मग लगेच फ्लक्स (कल्हईत नवसागर करतो तेच काम करणारी पेस्ट) लावा, घासलेल्या जागी परत बोट लावू नका. फ्लक्स काळा पडला म्हणजे ताप जास्त झाला, त्यावर अजून सोल्डर ओतून काही होत नाही, जॉइंट सोडवून पहिल्यापासून साफ करावा लागतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली 60/40 तार पाण्याच्या लाइनला वापरू नका, त्यात शिसं असतं. एसीची किंवा गॅसची लाइन तर घरी डागूच नका, ते काम वेगळं आहे, ब्रेझिंगवाल्यालाच (खूप जास्त तापावर कडक जोड देणाऱ्याला) बोलवा.

शेजारी सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) किंवा वॉल्व असेल तर आपला सोलापुरी टॉवेल ओला करून त्यावर गुंडाळा, आणि जवळ पाण्याची बादली पाहिजेच. टॉर्चचं गॅसचं कार्ट्रिज एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर ठेवू नका, ते तापलं तर फुटू शकतं. काम सकाळी करा, तेव्हा वाराही कमी असतो.

जॉइंट थंड होताना हलवू नका, पाणीही मारू नका. थंड झाल्यावर ओल्या फडक्यानं फ्लक्स पुसा, नाहीतर तिथं हिरवा कळंक चढतो. आपल्याकडं पाणी रोज येत नाही म्हणून टेस्टिंग लांबणीवर टाकू नका, टाकीत पाणी असतानाच लाइन भरा आणि अर्ध्या तासानं कोरडा टिश्यू जॉइंटभोवती फिरवून बघा.