बाळाचे जुलाब लांबले? नुसती शी नाही, शूही मोजा

सिडकोतल्या आमच्या घरी दीड वर्षाच्या लेकीचे जुलाब तिसऱ्या दिवशीही थांबेनात. गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडे आता न्यायचं की सकाळी, यावरच घरात वाद. शेवटी कॅलेंडरला पेन बांधला.

१. प्रत्येक शू, शी, उलटीची वेळ लिहा. डायपरमध्ये पातळ शी आणि शू वेगळी कळतच नाही, म्हणून तेवढे दिवस सुती लंगोट. धुणं वाढतं, पण अंदाज चुकत नाही.

२. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम कालवा, २४ तासांनी उरलेलं फेका. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमचा-चमचा द्या. अंगावरचं दूध, मऊ भात चालू ठेवा.

३. ६ ते ८ तास शू नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल, शीमध्ये रक्त, पाणीही पोटात ठरत नाही, किंवा मूल मलूल: वाट न पाहता, रात्री असलं तरी निघा. यातलं काही नसेल पण दोन-तीन दिवसांत उतार नसेल, तरी दाखवाच. कॅलेंडरवरच्या नोंदींचा फोटो सोबत न्या, डॉक्टरांचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी अर्धी करूनसुद्धा देऊ नका.