सौर पॅनेल, हायड्रोजनची टाकी आणि घरची वीज: या चुका टाळा

छपरावर पॅनेल, आवारात टाकी, आणि उन्हाळ्यातलं ऊन हिवाळ्यात वापरायचं. कल्पना इतकी देखणी आहे की हिशेब मागे पडतो, आणि पुढे होणारी बरीचशी डोकेदुखी तिथूनच सुरू होते. म्हणून आधी हिशेब.

रोजच्या रात्रीसाठी हायड्रोजन वापरणं

एक किलो हायड्रोजन तयार करायला लहान इलेक्ट्रोलायझर (विजेनं पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढणारं यंत्र) साधारण ५० ते ५५ युनिट वीज खातो. तोच किलो फ्युएल सेलमध्ये (हायड्रोजनपासून पुन्हा वीज करणाऱ्या यंत्रात) घातला की हाती १५-१६ युनिट पडतात. बाकीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. लिथियम बॅटरीत १०० युनिट भरले तर ९०च्या आसपास परत मिळतात, इथे जेमतेम ३०. रात्रीला ८ युनिट लागत असतील, तर बॅटरीसाठी दिवसा ९ युनिट जास्तीचे हवेत आणि हायड्रोजनसाठी सुमारे २७. रात्र तीच, पॅनेल तिप्पट.

बॅटरी म्हणजे डब्यातलं पीठ, हायड्रोजन म्हणजे कणगीतलं धान्य. रोज कणगी उघडायची नसते. दिवस-रात्रीचं गणित बॅटरीनं सांभाळावं. हायड्रोजन फक्त आठवडे किंवा महिने टिकवायच्या साठ्यासाठी. जर्मनीत फ्रायबुर्गला फ्राउनहोफर संस्थेनं १९९२ साली बांधलेलं स्वयंपूर्ण सौरघर याच विचारावर उभं होतं. तिथला हिवाळा अंधारा, म्हणून उन्हाळ्यातला हायड्रोजन टाक्यांत ठेवायचा. जिथे बाराही महिने बरं ऊन मिळतं, तिथे माझं मत स्पष्ट आहे: आधी दोन-तीन दिवस पुरेल एवढी बॅटरी घ्या आणि वर्षभराच्या नोंदी ठेवा. त्यानंतरही तूट दिसली तरच टाकीचा विचार करा.

टाकीचा आकार मनानंच ठरवणं

साध्या हवेच्या दाबाला एक किलो हायड्रोजन ११-१२ घनमीटर जागा घेतो, म्हणजे एक लहानशी खोलीच. ३० बार दाबाला, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण ३० पट दाबाला, तोच सुमारे ४०० लिटरमध्ये मावतो. महिन्याला १५० युनिटांची तूट भरायची असेल तर १० किलो वायू, म्हणजे ३० बारची ४,००० लिटरची टाकी, आणि ती भरायला आधी ५००हून जास्त युनिट शिल्लक हवेत. हे आकडे कागदावर मांडले की अनेकांचा बेत तिथेच बदलतो. बदलू द्या.

कमी दाब, मोठी टाकी हा घरासाठी शहाणपणाचा मार्ग. काही इलेक्ट्रोलायझर स्वतःच ३० बारपर्यंत दाब देतात, मग कॉम्प्रेसर लागत नाही. ३५० किंवा ७०० बारच्या नादी लागलात तर कॉम्प्रेसर वीजही खातो आणि देखभालही मागतो. धातूच्या मिश्रधातूत हायड्रोजन शोषून ठेवणाऱ्या हायड्राइड टाक्या जागा कमी घेतात, पण एका किलोमागे ७०-८० किलो मिश्रधातू लागतो. भरताना त्या तापतात आणि रिकाम्या होताना गार पडतात. थंडीत वायू हळू येऊ लागला तर आधी टाकीला पुरेशी उष्णता मिळते का ते बघा, व्हॉल्व्ह नंतर खोला.

गॅसची जुनी टाकी वापरणं

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये माइक स्ट्रिझ्की यांनी २००६च्या सुमारास आपलं घर सौर-हायड्रोजनवर चालवलं आणि साठ्यासाठी प्रोपेनच्या मोठ्या टाक्या वापरल्या. ही गोष्ट ऐकली की लोकांची नजर घरातल्या जुन्या सिलिंडरकडे वळते. ते करू नका. हे काम जाणकार अभियंत्याचं आहे. हायड्रोजनचा रेणू बारीक. जी सील आणि जोड दुसरा वायू अडवतात, त्यांतून तो निसटतो. काही प्रकारचं पोलाद त्याच्या सहवासात ठिसूळ होतं, दाब जास्त असेल तर अधिकच. शिवाय स्वयंपाकाच्या गॅसमध्ये वासासाठी गंधकयुक्त द्रव्य घातलेलं असतं. त्याचा अंश टाकीत राहिला तर फ्युएल सेलमधल्या प्लॅटिनमवर चढून बसतो आणि सेल मंदावत जातो.

मीठ-पाण्याचा घरगुती प्रयोग

बरणी, दोन पत्रे आणि चिमूटभर मीठ अशा व्हिडिओंना तोटा नाही. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन निघतो, स्टेनलेस स्टीलचे पत्रे वापरले तर क्रोमियमचे विषारी क्षारही पाण्यात उतरू शकतात. त्याहून वाईट म्हणजे एकाच नळीतून हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र गोळा करणं. हे मिश्रण साठवायचंच नसतं, एका ठिणगीत सगळी बरणी फुटते. दोन्ही वायू पडद्यानं वेगळे ठेवणारं यंत्र नसेल तर पुढचं काही वाचूही नका.

नळाचं पाणी

एक किलो हायड्रोजनला ९ लिटर पाणी लागतं, शुद्धीकरणात थोडं जास्त जातं. प्रमाण फार नाही, पण पाणी क्षारमुक्त हवं. पीईएम इलेक्ट्रोलायझरमध्ये (यात दोन्ही वायूंमध्ये प्लॅस्टिकसारखा पातळ पडदा असतो) कॅल्शियम आणि लोह पडद्यात अडकून बसतात. ओळखायची खूण अशी: करंट तेवढाच असताना व्होल्टेज आठवड्यामागून आठवडे चढत जातं. तेव्हा पाण्याची वाहकता मोजा. ती १ मायक्रोसिमेन्सच्या वर असेल तर पाण्यातले क्षार शोषणारं आयन काडतूस बदला. पडदा एकदा खराब झाला की नुसतं पाणी बदलून तो नेहमीच सुधारतो असं नाही.

ढग आला की बंद, गेला की सुरू

पॅनेल थेट इलेक्ट्रोलायझरला जोडले तर ढगाळ दिवशी यंत्र दिवसभर चालू-बंद होत राहतं. अल्कलाइन प्रकारच्या, म्हणजे क्षारीय द्रावण वापरणाऱ्या इलेक्ट्रोलायझरमध्ये कमी भारावर हायड्रोजन ऑक्सिजनच्या बाजूला झिरपतो आणि यंत्र शुद्धतेची चूक दाखवून थांबतं. यंत्र बिघडलंय असं समजून लोक तंत्रज्ञाला बोलावतात, खरं तर ते आपलं काम चोख करत असतं. मध्ये बॅटरी घाला आणि ती बऱ्यापैकी भरल्यावरच इलेक्ट्रोलायझर सुरू होऊ द्या.

गळती: खाली नाही, वर शोधा

स्वयंपाकाच्या गॅसची सवय इथे फसवते. तो जड असतो, जमिनीलगत साचतो आणि वास येतो. हायड्रोजन हवेपेक्षा १४ पट हलका. तो छताशी जाऊन बसतो, वास नाही, ज्योत दिवसा दिसतही नाही. हवेत ४ ते ७५ टक्के असला तरी पेट घेतो आणि अगदी क्षुल्लक ठिणगीही पुरते. म्हणून टाकी घराबाहेर, उघड्यावर. यंत्राची खोली असेलच तर तिला सर्वांत उंच जागी झरोका, आणि सेन्सरही तिथेच. अलार्म वायू पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याला, ०.४ टक्क्याला, वाजेल असा लावावा. सेन्सरजवळ सिलिकॉन सीलंट वापरू नका. त्याच्या वाफेनं काही सेन्सर मुके होतात आणि ते कळतही नाही.

एक खोटी भीती मात्र घालवतो. संध्याकाळी ३० बार दिसलेला काटा पहाटे दीड बार खाली आला म्हणजे गळती झालीच असं नाही. टाकी ३५ अंशांवरून २० वर आली की दाब पाचेक टक्के आपोआप उतरतो. दोन वेगवेगळ्या पहाटेचे, त्याच तापमानाचे आकडे ताडून बघा. मग जोडांवर साबणाचं पाणी लावा.

दिवे गेले तर पॅनेलही गेले

ही चूक हायड्रोजनशी संबंधित नाही, पण इतक्या घरांत सापडते की सांगायलाच हवी. ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजपुरवठ्याला, जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड गेला की सुरक्षेसाठी स्वतःच बंद होतो. छपरावर ऊन आणि घरात अंधार. बाहेरची वीज गेल्यावर घर वेगळं काढून चालवू शकणारा हायब्रिड इन्व्हर्टर हवा असेल तर खरेदीआधीच विचारा.

फ्युएल सेल दमला की

पंप किंवा फ्रिज सुरू होताना लागणारा धक्का फ्युएल सेलवर टाकू नका. तो बॅटरीनं झेलावा आणि सेलनं मागून संथपणे भरपाई करावी. वीज हळूहळू कमी होत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह (आत साचलेलं बाहेर सोडणारी झडप) क्षणभर उघडून बघा. लगेच सुधारणा झाली तर इंधनाच्या बाजूला नायट्रोजन आणि पाणी साचलं होतं, पर्जचं अंतर कमी करा. सुधारणा नाही तर हवेचा फिल्टर बघा. शेजारी रंगकाम किंवा धूर झाला होता का तेही आठवा. फ्युएल सेल अनेक लहान सेलच्या थरांचा बनलेला असतो; त्यांतल्या एकाच सेलचं व्होल्टेज पडलं असेल तर मात्र पुरवठादाराला बोलवा. आणि महिनोन् महिने बंद ठेवलेला सेल आतून कोरडा पडतो, म्हणून निर्मात्यानं सांगितलेल्या अंतरानं, गरज नसली तरी, तो थोडा वेळ चालवून घ्या. त्याचं गरम पाणी वाया घालवू नका, तुमच्या किलोभर हायड्रोजनमधली जवळपास निम्मी ऊर्जा त्यातच असते.