शेजाऱ्याच्या सापळ्यातले पतंगही मोजा

पोळा झाला. जूनअखेर लावलेल्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, आता पाती, फुलं आणि कुठे कुठे बोंडं धरली आहेत. नागपूर जिल्ह्यातल्या हिंगणा, सावनेर, काटोल, उमरेड पट्ट्यात गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढून पकडणारे) एव्हाना लागले असतील. नसतील तर आजच लावा: एकरी दोन, शेंड्यापेक्षा वीतभर उंच.

सलग तीन रात्री सापळ्यामागे दर रात्री आठ पतंग आले की नुकसानीची पातळी गाठली, हा नियम बहुतेकांना पाठ आहे. गडबड होते ती एकट्या सापळ्यावर विसंबल्याने. आपल्याकडे पाच पडले म्हणून आपण निर्धास्त, आणि धुऱ्यापलीकडे रोज दहा-बारा पडताहेत याचा पत्ताच नाही. पतंग सातबारा पाहून उडत नाही. जवळजवळच्या वावरांचे आकडे एकमेकांना धरून असतात, म्हणून शेजाऱ्याचा आकडा ही तुमच्याही वावराची खबर असते.

ही खबर हिशेबात कशी धरायची, ते बेझच्या पद्धतीत बसतं: आधीची माहिती आणि आपली मोजणी वजनानुसार एकत्र करायची. इंग्रज गणिती थॉमस बेझ यांचा मूळ निबंध त्यांच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये छापला गेला. एका जागेचा आकडा शेजारच्या जागांच्या आकड्यांशी बांधण्याची रीत संख्याशास्त्रज्ञ ज्युलियन बेसाग यांनी 1974 मध्ये मांडली. तेवढ्या गणितात शिरायची गरज नाही, वहीवर होण्यासारखं आहे.

समजा, शेजारच्या सापळ्यांची सरासरी रात्रीला 10 आहे. तिला दोन रात्रींच्या मोजणीइतकं वजन द्या, म्हणजे 20. तुमच्या सापळ्यात तीन रात्रींत 4, 6 आणि 5 आले, बेरीज 15. एकूण 35, भागिले पाच रात्री: 7. तुमचा सापळा पाच म्हणतो, पण खरा अंदाज सातच्या घरात. तुम्ही जितक्या जास्त रात्री मोजाल, तितका तुमच्या आकड्याचा जोर वाढेल आणि शेजाऱ्यांचा कमी होईल.

दोन रात्रींचं वजन काही दगडावरची रेघ नाही. शेजाऱ्यांचे आकडे एकमेकांशी जुळत असतील तर वाढवा, एकाकडे 2 आणि दुसऱ्याकडे 19 असेल तर घटवा. अंतर सारखं असलं तरी सगळे शेजारी सारखे नसतात. जिनिंगजवळचं (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याजवळचं) किंवा बांधावर जुन्या पऱ्हाट्या रचलेलं वावर वेगळं धरा. लागवडीच्या तारखेत महिन्याचा फरक असेल तरीही तेच.

नोंदीत एक पथ्य कडक पाळा. रात्रभर पाऊस होता, सापळा पडला, ल्यूरला (सापळ्यातल्या गंधाच्या गोळीला) महिना उलटून गेला, तर शून्य लिहू नका, आडवी रेघ मारा. खोटं शून्य तुमचा अंदाज तर बिघडवतंच, शेजाऱ्याचाही बिघडवतं. घरात कृषी महाविद्यालयाचं पोर असेल तर त्याला संगणकावर आर ही संख्याशास्त्राची प्रणाली आणि तिच्यातलं बेझ पद्धतीचं इन्ला हे साधन वापरून गावाचा नकाशा काढायला लावा. दहा-बारा सापळ्यांच्या रोजच्या नोंदी असल्या तरी सुरुवात होते.

हा अंदाज फवारणीचा हुकूम मात्र नाही. तो सात-आठच्या आसपास आला की वावरात शिरा, डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी फुलं) तोडून नष्ट करा आणि एकरातून वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं फोडून पाहा. दोन किंवा जास्त बोंडांत जिवंत अळी दिसली तरच औषधाचं सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) विचारा. एकही दिसली नाही तर चार दिवसांनी पुन्हा फोडा, आणि जिथे शेजारचा आकडा सर्वांत मोठा आहे त्या धुऱ्याकडून सुरुवात करा.