प्रबंध जमा करण्याआधी तुमचा ‘एक’ तपासा : या चुका टाळा

संख्याशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो, तरी प्रबंध जमा करायला पंधरा दिवस उरले की मुलं पेनड्राइव्ह घेऊन दारात उभी असतात. कृषीचा विद्यार्थी येतो, त्याच्यामागून अध्यापक विद्यालयातल्या मॅडम, मग सिव्हिलचा एम.टेक.वाला, एलएलएमची मुलगी. एकदा तर कुस्तीच्या इतिहासावर पीएचडी करणारा पैलवान आला होता. खुर्ची भरून बसला आणि तळटिपांनी रडकुंडीला आला. आपली अडचण आपल्या विषयापुरतीच आहे असं प्रत्येकाला वाटतं. मी मात्र सगळ्यांना पहिला प्रश्न एकच विचारतो : तुझ्या अभ्यासात ‘एक’ म्हणजे काय?

नमुना किती, हे तोंडपाठ असतं. १०५, २४०, १०३०. त्यातला एक म्हणजे झाड की वाफा, मुलगा की वर्ग, निकाल की खटला, यावर गाडी अडते. जवळजवळ सगळ्या मोठ्या चुका तिथूनच निघतात.

झाडं मोजली, प्लॉट विसरला

कृषीच्या प्रबंधांत सात ट्रीटमेंट (तुलनेला घेतलेले पर्याय) आणि तीन रेप्लिकेशन (प्रत्येक पर्यायाची पुनरावृत्ती) ही जोडी इतकी दिसते की वाटावं, पंचांगातून काढून दिली आहे. कारण साधं आहे. आरबीडीत, म्हणजे ब्लॉक पाडून त्यांत सोडतीने ट्रीटमेंट वाटायच्या रचनेत, एररचा डीएफ (चूक मापायला उरणाऱ्या स्वतंत्र तुलनांची संख्या) किमान १२ असावा असा संकेत आहे आणि (७ − १) × (३ − १) बरोबर १२ भरतात. इथवर ठीक. पुढे प्रत्येक प्लॉटमधल्या पाच झाडांना लेबल बांधून उंची, फांद्या, शेंगा मोजतात. २१ प्लॉट, १०५ झाडं. मग कुणीतरी घाईत १०५ ओळी तशाच सॉफ्टवेअरमध्ये ओततो. एररचा डीएफ १२ वरून ९६ वर उडी मारतो, सीडी, म्हणजे फरक खरा मानायला लागणारं किमान अंतर, बहुतेक वेळा आकसते आणि जवळपास प्रत्येक ट्रीटमेंटच्या डोक्यावर ‘फरक लक्षणीय’ सांगणारा तारा चमकू लागतो.

खत घातलं होतं प्लॉटला. त्यातली पाचही झाडं एकाच मातीत, एकाच पाटाच्या पाण्यावर वाढली; हुमणी लागली तर पाचांनाही लागणार. एका घरातली पाच माणसं, साक्ष एकच धरायची. दुरुस्ती जमा करायच्या आदल्या आठवड्यातही होते : पाच झाडांची सरासरी काढा, २१ आकडे घ्या, अनालिसिस पुन्हा चालवा. काही तारे विझतील. विझू द्या.

शेडनेटवाल्यांचं मात्र अवघड असतं. एका शेडनेटमध्ये फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र), दुसऱ्यात नाही, आणि आत चारशे रोपं. इथे फॉगरचं रेप्लिकेशन एकच, रोपं चार हजार केली तरी. हे नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. मग ते एका ठिकाणचं निरीक्षण म्हणून लिहावं, किंवा आणखी एक हंगाम शेडनेटची अदलाबदल करून प्रयोग घ्यावा.

लेआउटचा नकाशाही बघत जा. मजकुरात ‘यादृच्छिक पद्धतीने’ असं लिहिलेलं असतं आणि नकाशात तिन्ही ब्लॉकमध्ये टी-१, टी-२, टी-३ शाळेच्या हजेरीसारखे ओळीने उभे. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड केंद्रात गेले आणि शेतीच्या प्रयोगात सोडत का हवी हे त्यांनी मांडलं, त्याला शंभर वर्षं झाली. आपण शब्द उचलला, सोडत विसरलो. परीक्षकाला हा नकाशा पाहायला अर्धा मिनिट पुरतो.

आता क्षेत्रफळ. ग्रॉस प्लॉट ५ × ४ मीटर, म्हणजे २० चौरस मीटर. बॉर्डरच्या ओळी सोडून नेट प्लॉट ४ × ३, म्हणजे १२. नेट प्लॉटमधून ३ किलो सोयाबीन निघालं तर हेक्टरी २५ क्विंटल. पण भागताना ग्रॉस प्लॉट धरला तर तेच १५ क्विंटल होतं. हा दहा क्विंटलचा घोळ मी एकदा नाही, तीनदा पाहिला आहे. तिन्ही वेळा सारणी सुबक होती.

कडेच्या झाडांचं हे प्रकरण किरकोळ समजू नका. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आयसीएआर या कृषी संशोधन परिषदेत होते, तेव्हा याच मुद्द्यावर त्यांचा दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी वाद झाला. महालनोबिस बंगालच्या पीक पाहणीत लहान आकाराचे तुकडे कापत. सुखात्म्यांचं म्हणणं असं की तुकडा लहान असला की त्याची कडच फार मोठी होते. कडेवरचं झाड आत की बाहेर, अशी शंका आली की कापणारा ते आत ओढतो आणि उत्पादन फुगतं. १९४० च्या दशकात त्यांनी हे आकड्यांनिशी दाखवलं. काठावरच्या रोपाला आत घ्यायचा मोह तुमच्या मजुरालाही होणार आहे. कापणीच्या दिवशी दोरी स्वतः धरा.

तीन क्यूब, निकाल एक

सिव्हिलच्या मुलांसाठी उत्तर छापील आहे, पण ते वाचत नाहीत. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ : २००० म्हणतं की तीन नमुन्यांची सरासरी म्हणजे त्या सॅम्पलचा एक निकाल, त्यातला एखादा सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे गेला तर तो निकालच बाद. तरी फ्लाय ॲश (कोळशाची राख) ०, १०, २०, ३० टक्के असे चार मिक्स, प्रत्येकाचा एकच घाण (एका वेळी कालवलेलं काँक्रीट) मिक्सरमध्ये फिरवायचा, त्यातून तीन क्यूब भरायचे आणि ‘एकूण १२ निरीक्षणे’ असं लिहायचं. त्या दिवशी वाळूत ओल जास्त असेल तर तिन्ही क्यूब मिळूनच कमी भरतील. वेगवेगळ्या दिवशी तीन घाण काढा. क्यूब तेवढेच लागले तरी चालतील. आणि ताकद ३१.४२८७ मेगापास्कल लिहू नका, मशीनच्या काट्याला तेवढं कळत नाही.

मशिन लर्निंगवाल्यांची हीच चूक नव्या कपड्यात येते. काँक्रीटच्या ताकदीचा १०३० ओळींचा एक प्रसिद्ध खुला डेटासेट आहे, आय-चेंग ये यांनी जगाला दिलेला. त्यात तोच मिक्स वेगवेगळ्या वयाला, म्हणजे ३, ७, २८ दिवसांना पुन्हा येतो. ओळी पिसून ८० टक्के ट्रेनिंगला (मॉडेलला शिकवायला) आणि २० टक्के टेस्टला (त्याला तपासायला) दिल्या की पेपरातले प्रश्न आदल्या रात्रीच फुटतात : मॉडेलने तो मिक्स आधी पाहिलेला असतो. मग अचूकता डोळे दिपवते. वाटणी मिक्सप्रमाणे करा. एका मिक्सच्या सगळ्या ओळी एकाच बाजूला. आकडा खाली येईल, पण प्रश्नोत्तरांत पाय लटपटणार नाहीत.

तुकडी ‘अ’ आणि तुकडी ‘ब’

शिक्षणशास्त्रातला ठराविक प्रयोग असा. एका शाळेतल्या आठवी ‘अ’ला नवीन अध्यापन पद्धती, आठवी ‘ब’ला नेहमीची. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, ‘टी’ मूल्य, आणि शेवटी ते लाडकं वाक्य : ‘शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे’, म्हणजे दोन्हींत फरक नाही हे गृहीतक सोडलं. ‘अ’ला स्वतः संशोधिका शिकवते, उत्साहाने, चार्ट लावून. ‘ब’ला जे सर आहेत त्यांना निवडणुकीचं काम लागलेलं. फरक पद्धतीचा की शिक्षकाचा? तुलना ऐंशी मुलांची दिसते, प्रत्यक्षात ती दोन तुकड्यांची आहे.

किती फटका बसतो, याचा अंदाज कागदावर काढता येतो. वर्गातली मुलं एकमेकांसारखी असण्याचं माप, ज्याला वर्गांतर्गत सहसंबंध म्हणतात, ते ०.२ धरू. एका वर्गात ३० मुलं. १ + (३० − १) × ०.२ म्हणजे ६.८. आठ वर्गांतल्या २४० मुलांना ६.८ ने भागा : हाती येते जेमतेम ३५ स्वतंत्र मुलांइतकी माहिती. म्हणून दोन शाळांतली शंभर-शंभर मुलं घेण्यापेक्षा दहा शाळांतली वीस-वीस घेतलेली बरी, एसटीचे हेलपाटे वाढले तरी. तेवढं जमणार नसेल तर अर्धप्रायोगिक (मुलं सोडतीने न वाटलेली) रचना असं उघड लिहा, दोन्ही तुकड्यांना शिक्षक एकच ठेवा आणि पूर्वचाचणीतला फरक सहविचरण विश्लेषणात घ्या, म्हणजे सुरुवातीच्या फरकाचा हिशेब होतो. मॅडमना हे सांगितलं की त्या म्हणतात, ‘सर, गाइडनी असंच सांगितलंय.’ यावर माझ्याकडे उपाय नाही.

‘असर’ या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणी अहवालाचे आकडे वापरणाऱ्यांनीही ‘एक’ पाहावा. ती पाहणी ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होते. त्यातला एक म्हणजे घरात भेटलेलं मूल. त्यावरून पुण्या-मुंबईच्या शाळांबद्दल वाक्य लिहिलं की ते कोसळलंच.

एक निकाल दोनदा, एक खटला तीनदा

कायद्याच्या मुलांना आकडे नकोसे असतात, पण ‘१२० निकालांचा अभ्यास’ म्हटलं की मोजणी आलीच. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, म्हणजे मथुरा बलात्कार प्रकरण, घ्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७८ चा. तो दोन वेगळ्या निकालसंग्रहांत, ‘एआयआर १९७९ एससी १८५’ म्हणून छापला गेला आणि ‘(१९७९) २ एससीसी १४३’ म्हणूनही. एका प्रबंधिकेच्या परिशिष्टात हा निकाल दोन क्रमांकांवर होता, आणि वर्षवार आलेखात दोन्ही वेळा १९७९ मध्ये. शिवाय हे प्रकरण सत्र न्यायालयात सुटकेने संपलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. खटला एक, निकाल तीन. तुम्ही काय मोजताय ते पहिल्या प्रकरणातच लिहून टाका आणि यादीत निकालाची तारीख वेगळ्या रकान्यात ठेवा. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांना न्यूट्रल सायटेशन, म्हणजे कुठल्याही निकालसंग्रहावर अवलंबून नसलेला संदर्भ क्रमांक, मिळतं, ते घेतलं तर दुबार नोंद पटकन सापडते.

एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, तक्त्यांतही हाच सापळा आहे. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी त्यातला सर्वांत गंभीर तेवढा मोजला जातो. म्हणून ‘किरकोळ’ कलमांचे आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात आणि त्यावर ‘गुन्हे घटले’ असं प्रकरण उभं राहतं.

मेलेला निकाल जिवंत समजून वापरणं ही जुनीच चूक. एडीएम जबलपूर, १९७६, या आणीबाणीतल्या निकालातलं न्या. खन्ना यांचं मत सुंदर आहे म्हणून सर्रास उद्धृत होतं, पण ते भिन्नमत होतं. बहुमताचा निकाल २०१७ च्या पुट्टस्वामी (गोपनीयतेच्या हक्काच्या) प्रकरणात रद्दबातल ठरवला गेला. दोन्ही गोष्टी लिहायला हव्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा फाइंड-रिप्लेसने ‘भादंवि’ काढून ‘भान्यासं’ टाकणाऱ्यांनी जपावं. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ आता १०३ झालं आहे. नव्या संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. आणि जुन्या तारखेच्या गुन्ह्याला जुनंच कलम राहतं.

चॅटबॉटने दिलेले निकाल मूळ पानावर उघडून पाहिल्याशिवाय यादीत घेऊ नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी असे अस्तित्वातच नसलेले निकाल सादर केले होते. ५००० डॉलर दंड बसला.

दहा लेख, झरा एकच

पैलवानाकडे वळू. त्याच्या प्रबंधात एका वाक्याखाली सात संदर्भ होते : खाशाबा जाधव हे भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खेळाडू. सातही लेख मी वाचून पाहिले. परिच्छेद तोच, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. सात संदर्भ म्हणजे एकाच झऱ्याचं पाणी सात हंड्यांत. आणि वाक्य अर्धवट. गोळेश्वरच्या खाशाबांचं हेलसिंकी, १९५२ मधलं कांस्य हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्याआधी १९०० साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी २०० मीटर आणि २०० मीटर अडथळ्यांत रौप्य मिळवलं, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती दोन पदकं भारताच्या खात्यात धरते. ‘स्वतंत्र’ हा शब्द गळला की खाशाबांचा मान वाढत नाही, प्रबंधाचा जातो.

‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वाधिक’ हे शब्द दिसले की थांबा. बर्लिनला १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ गेला होता, हे खरं. त्यावरून ‘कबड्डी ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक खेळ होता’ असं लिहिलं जातं. त्या स्पर्धेचे अधिकृत प्रात्यक्षिक खेळ बेसबॉल आणि ग्लायडिंग. क्रिकेटमधले गोलंदाज पाळवणकर बाळू यांचे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातले ११४ बळी सगळ्या सामन्यांतले आहेत. ते आणि त्यांच्या कारकिर्दीतले प्रथम श्रेणीचे १७९ बळी एका तक्त्यात शेजारी ठेवले तर ‘एक सामना’ दोन्हीकडे वेगळा असतो. मजकुरात सांगा.

जुन्या आखाड्यांचे कागद वाचणाऱ्यांसाठी आणखी एक. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत शिकलो. पौषात कुठेतरी इंग्रजी वर्ष बदलतं. तिथून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८७३ च्या माघातली कुस्ती १९५१ ची नाही, १९५२ ची. तालमींचे फड बहुधा जत्रांच्या हंगामात, म्हणजे नेमके याच महिन्यांत, म्हणून ही चूक वाटते त्याहून जास्त ठिकाणी लपलेली असते.

जमा करायच्या रात्री

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. मराठी प्रबंध जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर तपासणीच्या सॉफ्टवेअरला त्यात इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो आणि अहवाल शून्य टक्के येतो. त्या शून्यावर पेढे वाटू नका, तपासणी झालेलीच नाही. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढल्यावर तो प्रबंध शोधूनही सापडत नाही. युनिकोडमध्ये बदलून घ्या, पण बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला. ऱ्हस्व इकार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि अर्धा ‘र’ हमखास घसरतो. भूगोलाच्या एका प्रबंधात त्यामुळे सह्याद्रीच्या सगळ्या दऱ्यांचे दर्या झाले होते, आणि घाटमाथ्यावर समुद्र आला होता.